पडद्यावर उभे पट्टे: जुन्या स्पेक्ट्रमची मेमरी चिप घरी कशी बदलावी

गेल्या पावसाळ्यात निपाणीहून एक गृहस्थ आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काळं, चपटं काहीतरी. "वडिलांनी घेतला होता. माळा झाडताना सापडला. टीव्हीला लावला तर नुसते पट्टे येतात. बघा की जरा, नाहीतर भंगारात घालतो." उलगडलं तर डीबी स्पेक्ट्रम प्लस, टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा मूळ स्पेक्ट्रम १९८२ चा, प्लस १९८४ चा, आणि आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर तो आणला १९८६ मध्ये. चाळीस वर्षांच्या मशीनला चाळीस पावसाळ्यांची ओल लागलेली, त्यात पट्टे आले तर नवल नाही.

तेव्हापासून खानापूर, चिकोडीकडून आणखी दोघांनी हेच विचारलं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. सोल्डरिंग आयर्न हातात धरता येतं पण अशा मशीनला कधी हात लावलेला नाही, अशांसाठी हे आहे. ज्याने आयर्नच धरलेलं नाही त्याने आधी एखाद्या मेलेल्या रेडिओच्या बोर्डवर आठवडाभर हात बसवावा. स्पेक्ट्रमचे ट्रॅक नाजूक असतात, जास्त तापवले की सोलून हातात येतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळे तिथेच चुकतात. पट्टे दिसले की लोक लगेच चिपा मागवतात. चिप मेली असेलही, पण ती कशाने मेली? बहुतेक वेळा वीजपुरवठ्याने. तो तसाच ठेवून नवी चिप बसवली तर तीही दोन मिनिटांत जाते. माझ्या आजवर पाच नव्या चिपा गेल्या आहेत.

आत काय असतं

४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रममध्ये मेमरीचे दोन वेगळे गट आहेत. खालचा गट १६के चा: ४११६ जातीच्या आठ चिपा, बोर्डवर आयसी-६ ते आयसी-१३. टीव्हीवर दिसणारं चित्र इथेच साठतं, म्हणून हा गट बिघडला की पडद्यावरच कळतं. वरचा गट ३२के चा: आयसी-१५ ते आयसी-२२. यातल्या चिपा गमतीच्या आहेत. त्या मुळात ६४के च्या, पण कारखान्यात अर्धा भाग सदोष निघालेल्या. आंबा एका बाजूने नासला तर आपण ती बाजू कापून उरलेला खातो, तसं उरलेलं चांगलं अर्धं ३२के म्हणून स्वस्तात विकलं जायचं. त्यांच्यावर ४५३२ किंवा ३७३२ असा आकडा असतो.

प्रत्येक चिप एका बाइटमधला एकच बिट (० किंवा १) सांभाळते. आठ चिपा मिळून एक बाइट. हे नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी शोधाशोध यावरच आहे.

आणि दोन गटांतला जीवघेणा फरक: ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात, +५, +१२ आणि −५. वरच्या गटाला फक्त +५. दोन्ही चिपा दिसायला सारख्या, सोळा पायांच्या. पण ४११६ च्या जागेवर आठव्या पायाला +१२ येतात आणि ६४के च्या ४१६४ चिपचा आठवा पाय +५ चा. म्हणजे ४१६४ सरळ खालच्या गटात खोचली की बटण दाबताक्षणी ती मेली. वर सांगितलेल्या पाचातल्या दोन माझ्या याच चुकीने गेल्या.

आधी वीज

मशीनला ९ व्होल्ट डीसी लागतो, साधारण १.४ अँपिअर, आणि जॅकच्या मधल्या टोकाला ऋण. बाजारातले बहुतेक ॲडाप्टर याच्या उलटे, मधे धन असलेले असतात. पिन बसते म्हणून लावायचा नाही. आधी मीटरने मधलं टोक कुठलं ते बघा.

केस उघडताना कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या जपा. त्या प्लास्टिकच्या आहेत आणि इतक्या वर्षांनी पापडासारख्या झालेल्या असतात. केसचं वरचं झाकण झटकन उचललं की पट्टी तुटलीच. झाकण थोडं तिरकं करून, पट्टी तिच्या सॉकेटातून सरळ वर ओढायची. मोबाइलवर आतले चार-पाच फोटो काढून ठेवा, प्रत्येक चिपची खाच कुठल्या बाजूला आहे ते त्यात दिसलं पाहिजे. खाचेजवळचा डावीकडचा पाय पहिला, तिथून खाली उतरत आठपर्यंत, मग समोरच्या रांगेत खालून वर नऊ ते सोळा.

आता मशीन चालू करा. मीटरची काळी पिन ९ चे ५ व्होल्ट करणाऱ्या रेग्युलेटरच्या धातूच्या पट्टीला (ती ग्राउंडला असते, आणि तापते, हात सांभाळा) आणि लाल पिन खालच्या गटातल्या कुठल्याही ४११६ च्या पायांवर: पहिल्या पायावर −५, आठव्यावर +१२, नवव्यावर +५, सोळाव्यावर शून्य. दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. लाल पिन घसरू देऊ नका. आठव्यावरून सातव्यावर सरकली तर +१२ थेट ॲड्रेसच्या, म्हणजे चिपांना मेमरीचा पत्ता सांगणाऱ्या, तारेत शिरतात आणि एका चिपच्या जागी आठ बदलाव्या लागतात. मी पिनच्या टोकाला बारीक नळी चढवून अगदी सुईएवढंच टोक उघडं ठेवतो.

+५ आहेत पण +१२ नाहीत किंवा −५ नाहीत? मग तूर्तास चिपांना हात लावू नका. ही दोन व्होल्टेज बोर्डवरच एका छोट्या सर्किटात तयार होतात. टीआर-४ आणि टीआर-५ असे दोन ट्रान्झिस्टर आणि शेजारी तांब्याच्या तारेची गुंडाळी. यातला टीआर-४, म्हणजे झेडटीएक्स६५० हा नेहमीचा बळी. चालू मशीनच्या मागच्या कनेक्टरला कुणी काही लावलं किंवा ओढून काढलं की तो जातो. एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली तरीही जातो. म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी असा प्रकार. यासाठी मशीन बंद करून आठव्या पायापासून ग्राउंडपर्यंत रोध मोजा. जवळजवळ शून्य आला तर एखादी चिप किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे आणि नुसता ट्रान्झिस्टर बदलून भागणार नाही.

−५ ला लोक किरकोळ समजतात. पण +१२ चालू असताना −५ गायब झाले की ४११६ च्या आतला तोल जातो, करंट वाढतो आणि चिप स्वतःच्याच उष्णतेने मरते. म्हणून −५ नाहीत असं दिसलं की पहिलं काम, मशीन बंद.

कोणती चिप गेली?

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण सगळ्या आठ चिपा सरसकट बदलणारे बरेच असतात आणि त्यात बोर्डची वाट लागते.

शहापूर-वडगावच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. मागावर ताण्यातला एक धागा तुटला की कापडावर वरून खालपर्यंत उभी रेघ उमटत जाते. कापड बघूनच विणकर सांगतो, कुठला धागा गेला. पडद्यावरही तेच. एका बाइटचे आठ बिट म्हणजे पडद्यावर शेजारी शेजारी आठ ठिपके. खालच्या गटातली एक चिप मेली तर दर आठ ठिपक्यांमागे त्याच जागी एक रेघ दिसते. आठांतला डावीकडचा ठिपका बिट ७, उजवीकडचा बिट ०. रेघ कितवी ते मोजलं की चिप सापडली. मात्र पडदाभर रंगीबेरंगी चौकटी आणि जाडे पट्टे असतील तर हे मोजणं जमत नाही. मशीन मुळात सुरूच झालेलं नसतं.

वरचा गट बिघडलेला असेल तर नशीब बरं म्हणायचं, कारण मशीन बहुधा सुरू होतं, फक्त १६के चं समजून. पडद्यावर नेहमीची सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ आली की हे द्या:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

नवख्यांसाठी: स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षर-अक्षर टाइप करायच्या नसतात. 'प्रिंट' साठी पी दाबायचा. 'पीक' (मेमरीतला आकडा वाचायची आज्ञा) साठी आधी एक्स्टेंड मोड, मग ओ. उत्तर ६५५३५ आलं तर मशीनला पूर्ण ४८के दिसतात. ३२७६७ आलं तर वरचा गट दिसतच नाही. मधलाच एखादा आकडा आला तर तिथपर्यंतची मेमरी ठीक आणि पुढच्या घरात, म्हणजे मेमरीतल्या पुढच्या जागेत, गडबड.

पण ६५५३५ आलं म्हणून हुरळून जाऊ नका. सुरू होताना मशीन प्रत्येक घरात फक्त २ हा आकडा टाकून बघतं. मोठ्या बिटांची परीक्षा त्यात नीट होत नाही. म्हणून आपली परीक्षा आपणच घ्यायची. आधी क्लिअर ३२७६७ द्या, म्हणजे वरची मेमरी मोकळी होईल. मग (पोक म्हणजे त्या घरात आकडा टाकणं):

पोक ४००००, २५५ : प्रिंट पीक ४००००

परत २५५ आलं पाहिजे. निपाणीच्या मशीनवर आलं २४७. २५५ वजा २४७ म्हणजे ८. बिटांच्या किमती ० पासून ७ पर्यंत अशा: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. आठ म्हणजे बिट ३. तो बिट १ व्हायला तयार नाही. आता उलट, ४०००० मध्ये शून्य टाका. शून्यच परत यायला हवं. तिथे ८ आले असते तर बिट ३ शून्य व्हायला तयार नाही असा अर्थ. नुसत्या वजाबाकीने चिप सापडते, फक्त एकाच घरावर समाधान मानू नका. ३२७६८ पासून ६५५३५ पर्यंत फॉर-नेक्स्ट (तेच काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा) लावून हेच प्रत्येक घरात करा आणि चुकलेलं घर छापायला सांगा. मशीनची बेसिक भाषा हळू चालते, तोवर चहा करून, पिऊन होतो.

फरक ८ सारखा एकाच बिटाचा न येता कधी २०, कधी ११३ असा काहीही येत असेल, तर एकदम आठ चिपा मेल्यात असं समजू नका. तेव्हा संशय चिपांना पत्ता पुरवणाऱ्या ७४एलएस१५७ वर घ्यावा. त्या बोर्डवर चार आहेत, त्यातल्या वरच्या गटाच्या आयसी-२५ आणि आयसी-२६.

बिट ३ कळला, पण तो आठांतल्या कुठल्या चिपचा? आकृती शोधत बसण्यापेक्षा मीटरने विचारा. मशीन बंद, मीटर कंटिन्युइटीवर. झेड-८० प्रोसेसरच्या आठव्या पायावर बिट ३ असतो. (बाकीचे: बिट ० चौदाव्यावर, १ पंधराव्यावर, २ बाराव्यावर, ४ सातव्यावर, ५ नवव्यावर, ६ दहाव्यावर, ७ तेराव्यावर.) एक पिन तिथे धरून दुसरी वरच्या गटातल्या एकेका चिपच्या दुसऱ्या पायावर टेकवत जा. बीप झाला ती चिप. खालच्या गटासाठी बीप होणार नाही, कारण मधे ४७० ओमचे रेझिस्टर आहेत. तिथे रोध मोजा आणि ४७० च्या आसपास दाखवणारी चिप पकडा.

दोन घरगुती युक्त्याही आहेत. पहिली, बोट टेकवून बघणं. शॉर्ट झालेली चिप शेजारणींपेक्षा स्पष्ट गरम लागते. पण ४११६ मुळातच कोमट असतात, तेव्हा सगळ्यांची तुलना करा. दुसरी, चांगली चिप संशयित चिपच्या पाठीवर, खाचेवर खाच ठेवून, पायाला पाय टेकवून बसवायची आणि मशीन चालू करायचं. पट्टे गेले तर चिप सापडली. गेले नाहीत तर काहीच सिद्ध होत नाही, कारण खालची मेलेली चिप तार दाबून धरत असेल तर वरचीला बोलताच येत नाही.

आणि खालचाच गट पूर्ण बसलेला असेल, मशीन आज्ञाच घेत नसेल, तर ज्याच्याकडे डायग्नोस्टिक रॉम (तपासणीचा प्रोग्राम असलेली चिप) आहे असा माणूस शोधा. तो रॉम मेमरीला हात न लावता, प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरांवर चालतो आणि कोणता बिट गेला ते पडद्यावर सांगतो.

नवी चिप

वरच्या गटात ४५३२ च्या जागी सरळ ४१६४ चालते. अख्खा आंबाच चांगला, मग कुठलीही बाजू वापरा. फक्त डेटाशीटमध्ये रिफ्रेश (चिप साठवलेलं विसरू नये म्हणून तिला सतत ताजं करणं) १२८ सायकलचा आहे ना ते बघा. झेड-८० सात बिटांचाच रिफ्रेश देतो, आणि काही कंपन्यांच्या ४१६४ ला २५६ लागतात. खालच्या गटात ४११६ च हवी, आकड्याच्या शेवटी १५ लिहिलेली, म्हणजे १५० नॅनोसेकंदांची.

मिळणार कुठे? बेळगावच्या दुकानांत बेस (चिप खोचायचं सॉकेट), सोल्डर, कपॅसिटर मिळतात, या चिपांचं नाव काढलं की दुकानदार आपल्याकडे बघत राहतो. पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर, बेंगळूरला एसपी रोड, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे विचारून बघावं. माझा आवडता मार्ग मात्र भंगारवाला. जुन्या पीसी-एक्सटीच्या मदरबोर्डवर मेमरी चिपा नऊ-नऊच्या रांगांत, बेसमध्ये खोचलेल्या असतात (नववी पॅरिटीची, म्हणजे चूक पकडायची). त्यात ४१६४ सापडल्या तर न तापवता, नुसत्या उचकटून काढता येतात. ऑनलाइन मागवल्यास थोड्या जास्तच मागवा. जुना आकडा घासून नवा छापलेल्या चिपा सर्रास येतात. कापसाला ॲसिटोन लावून पाठ पुसा, छपाई निघून खाली वेगळाच खरखरीत पृष्ठभाग दिसला तर तो माल परत करा.

काढणं आणि बसवणं

चिप मेलीच आहे, तिच्यावर दया नको. दया बोर्डवर करा. नवखे लोक चिप अख्खी काढायच्या नादात दहा-दहा वेळा तापवतात आणि ट्रॅक उखडतात. त्यापेक्षा बारीक कटरने सोळाही पाय चिपच्या पोटाशी कापा, पोट उचलून टाका. मग उभे राहिलेले पाय एकेक करून: वरून चिमट्याने धरा, खालून आयर्न लावा, दोन-तीन सेकंदांत पाय सुटतो. ओढायचं नाही, सुटला की उचलायचं. जमत नसेल तर आधी थोडं ताजं सोल्डर घाला. जुन्या सोल्डरमध्ये नवं मिसळलं की ते लवकर वितळतं. ग्राउंडचा सोळावा पाय सगळ्यात हट्टी, कारण त्याला तांब्याचा मोठा पट्टा जोडलेला असतो. शेवटी भोकं पंपाने किंवा तांब्याच्या वेणीने साफ करा. आयर्न तापमान ठरवता येणारं असेल तर साडेतीनशे अंशांच्या आसपास पुरे. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा, साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

स्थिर विजेबद्दल: आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की त्याची फारशी भीती नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र टेरिकॉटचा शर्ट घालून, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चिप हाताळू नका. घरातल्या तीन पिनच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का तेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक पुष्कळदा शोभेचंच असतं.

मोकळ्या जागी नवी चिप थेट सोल्डर करू नका. सोळा पायांचा आयसी बेस बसवा. बेसची खाच जुन्या खाचेच्या दिशेला. आधी समोरासमोरचे दोन कोपरे टाका, बेस बोर्डला सपाट टेकला का बघा, मगच बाकीचे चौदा. शेजारच्या पायांमध्ये सोल्डरचा पूल झालेला नाही ना, तो मीटरने तपासा. आणि आता, बेस रिकामा असतानाच, मशीन चालू करून व्होल्टेज पुन्हा मोजा. खालचा गट असेल तर एक, आठ, नऊ, सोळा. वरचा असेल तर आठव्यावर +५, सोळाव्यावर शून्य. आकडे बरोबर आले की बंद करा, मिनिटभर थांबा आणि चिप खोचा. नव्या चिपचे पाय थोडे फाकलेले असतात. टेबलावर आडवी दाबून ते सरळ करून घ्या, नाहीतर एखादा पाय पोटाखाली दुमडतो आणि तुम्ही दोन तास दोष शोधत बसता.

खालच्या गटातल्या तीन-चार चिपा एकदम गेल्या असतील तर काही जण आठही काढून त्या जागी +५ वर चालणारं नवं मॉड्यूल बसवतात. +१२ आणि −५ ची कटकटच संपते. मशीन रोज वापरायचं असेल तर वाईट नाही. मला स्वतःला मूळ चिपा आवडतात, पण हा हट्टाचा भाग झाला.

इतर मशीनबद्दल थोडक्यात. परदेशातून कुणी कमोडोर ६४ आणलेला असेल तर त्यात बहुधा ४१६४ च असतात, पण त्याचा मूळ ॲडाप्टर अजिबात वापरू नका. तो म्हातारा झाला की ५ व्होल्टच्या तारेत जास्त व्होल्टेज सोडतो आणि मेमरी जाळतो. १९८४ च्या क्लास योजनेत शाळांना मिळालेला बीबीसी मायक्रो हाती लागला तर त्यातल्या सोळा चिपाही १६के च्याच, पण ४८१६, फक्त +५ वर चालणाऱ्या. तिथे ४११६ चालत नाही.

निपाणीच्या मशीनमध्ये बिट ३ ची चिप बदलली, दोन जुने कपॅसिटर बदलले, मागच्या कनेक्टरची हिरवट पुटं खोडरबराने काढली. पीकचं उत्तर आलं ६५५३५, आणि फॉर-नेक्स्टने एकही घर चुकीचं दाखवलं नाही. तरी तासभर चालू ठेवला, कारण काही चिपा थंड असताना शहाण्यासारख्या वागतात आणि तापल्या की बिघडतात. तासानंतर पुन्हा तीच चाचणी. मग कीबोर्डच्या पट्ट्या बसवल्या आणि झाकण लावण्यापूर्वी आत एक चिठ्ठी चिकटवली: कुठली चिप बदलली, कधी बदलली, कुठल्या कंपनीची बसवली. पुढे कुणी उघडलं तर त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजत बसायला नको.